सहाही बैल एकदम लंगडले तर

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. मोहफुलं वेचायला पहाटे उठायचं म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाही तालुक्यात त्या दिवसांत माणसं लवकर खाटेवर पडतात, आणि खाटा अंगणात असतात. त्यामुळे पावणेआठ-आठच्या सुमाराला आकाशातून जळत्या रेघा गेल्या, त्या साऱ्या गावानं आडवं पडूनच पाहिल्या. विदर्भात इतर ठिकाणीही त्या दिसल्या. फरक इतकाच, की आमच्याच तालुक्यातल्या लाडबोरी गावात त्यातलं काहीतरी खाली आलं. दहाएक फूट व्यासाचं धातूचं कडं. जीवितहानी झाली नाही. कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात गेलं, पुढच्या दिवसांत आसपास धातूचे गोळेही सापडले, इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. आकाशातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं, की हा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेला आणि वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिलेला.

मी याच तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्या कड्यानं माझं एक काम सोपं केलं आणि एक अवघड. सोपं असं, की रॉकेटचे टप्पे, कक्षा, हवेचा विरोध हे फळ्यावर काढायची गरज उरली नाही. पोरं सायकलवर जाऊन बघून आली होती. अवघड असं, की ती आता नेमकं विचारू लागली. नववीतल्या एकीनं विचारलं, "सर, हे सोडणारा कोण असते? त्याले कोणी जाब विचारते का?"

दरवर्षी मी नववीला एक प्रकरण सविस्तर घेतो. करिअर मार्गदर्शनाच्या नावाखाली शाळांत जे चालतं, त्याचा मला कंटाळा आला आहे. भिंतीवर फोटो, खाली पदांची यादी, आणि "गरिबीतून अवकाशात" असा मथळा. त्यातून पोराला हे कळत नाही, की तो माणूस सकाळी कामावर जाऊन नेमकं काय करत होता. म्हणून ठरवलं, की एका अंतराळ अभियंत्याची कारकीर्द घ्यायची, पण सरळ रेषेत नाही. त्याच्या हाताखाली काहीतरी मोडलं तो एक दिवस घ्यायचा आणि तिथून मागे-पुढे जायचं. तसा दिवस चारच महिन्यांत आला.

रविवार, ७ ऑगस्ट २०२२

आमच्याकडे तेव्हा धानाच्या रोवणीचे दिवस होते. वर्गातल्या निम्म्या मुली आईसोबत बांधीत, गुडघाभर चिखलात. सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून एसएसएलव्ही या नव्या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. मी घरी मोबाईलवर बघत होतो. पावसात रेंज येत-जात होती. उंची ३४ मीटर, व्यास २ मीटर, वजन १२० टन. लहान उपग्रह झटपट आणि स्वस्तात सोडायला केलेलं हे रॉकेट. घन इंधनाचे तीन टप्पे आणि वर शेवटचा वेग नेमका जुळवायला द्रव इंधनाचा एक छोटा भाग.

आत दोन उपग्रह होते. एक इस्रोचा ईओएस-०२, सुमारे १३५ किलोचा. दुसरा आझादीसॅट, जेमतेम ८ किलोचा. देशभरातल्या ७५ ग्रामीण शाळांच्या ७५० मुलींनी त्याचे छोटे छोटे भाग जोडले होते. आमची शाळा त्या ७५ मध्ये नव्हती. आमच्या मुलींना याचा थोडा राग होता, आणि मला तो आवडला होता.

तिन्ही टप्पे ठरल्याप्रमाणे जळाले आणि सुटले. मग पडद्यावरची रेघ थबकली. नियंत्रण कक्षात इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ माईकवर आले आणि म्हणाले, की शेवटच्या टप्प्यात माहिती मिळेनाशी झाली आहे, विश्लेषण चालू आहे. काही तासांत इस्रोनं जाहीर केलं, की उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी एक टोक ३५६ आणि दुसरं ७६ किलोमीटरवर असलेल्या लंबवर्तुळात गेले आहेत आणि आता उपयोगाचे राहिलेले नाहीत.

सोमवारी वर्गात हे ७६ किलोमीटर मी फळ्यावर लिहिलं. ३५६ किलोमीटरवर टिकून फिरायला सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेग लागतो. तूट होती ती या वेगाच्या एखाद्या टक्क्याची. तेवढ्यानं कक्षेचं एक टोक इतकं खाली आलं, की उपग्रह प्रत्येक फेरीत दाट हवेत शिरणार. लाडबोरीच्या कड्याचं वर्षभरात जे झालं, ते इथे लगेच होणार होतं. "म्हणजे पोरीयचा उपग्रह बी जळला," मागून कोणीतरी म्हणालं. तो राग त्या दिवशी संपला.

चूक कुणाची?

इस्रोनं पहिल्याच दिवशी जे कारण सांगितलं, ते मला विलक्षण वाटलं. सेन्सर बिघडला असं ते म्हणाले नाहीत. सेन्सरचा बिघाड ओळखून पर्यायी मार्ग धरण्याचं जे लॉजिक होतं, ते चुकलं असं म्हणाले. पुढे सविस्तर तपासातून चित्र स्पष्ट झालं.

रॉकेटला स्वतःचा वेग मोजायला प्रवेगमापक असतात. इथे सहा होते. एखादा वेडंवाकडं सांगू लागला, तर त्याला बाजूला काढून बाकीच्यांवर विसंबायचं, म्हणून ही जास्तीची संख्या. कुणाला बाजूला काढायचं हे ठरवणारं लॉजिक संगणकात भरलेलं असतं. दुसरा टप्पा वेगळा होताना क्षणभर अपेक्षेपेक्षा फार जोराचं कंपन झालं. उपकरणं ज्या बैठकीवर बसवली होती, ती हादरली. सहाही मापकांचे आकडे त्या क्षणी मर्यादेबाहेर गेले. लॉजिकनं सहाहींना बिघडलेलं ठरवलं, आणि रॉकेट आणीबाणीच्या पद्धतीत गेलं. म्हणजे वेग न मोजता, आधी पाठ करून ठेवलेल्या वाटेनं. खरं तर सहाही मापक धडधाकट होते.

टप्पा सुटताना हादरा का बसतो, हे मुलांना ट्रॅक्टरवरून चटकन कळतं. भरधाव चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन काढायची आहे. हातानं काढायला वेळ नाही, म्हणून ती स्फोटकानं तोडायची. ट्रॉली मागे राहील, पण ड्रायव्हरला झटका बसेलच. प्रश्न एवढाच, की तो झटका सीटपर्यंत किती पोचतो.

लॉजिकचं काय चुकलं हे मात्र मला नीट सांगता येत नव्हतं. मी सहा साक्षीदार आणि एक न्यायाधीश अशी काहीतरी गोष्ट रचत होतो, आणि ती लंगडत होती. ते एका पोरीच्या लक्षात आलं. हीच ती, जाब कोण विचारतं असं विचारणारी. म्हणाली, "सर, येका बैलानं पाय नाई टेकला त काटा पायाचा. गोठ्यातल्या साऱ्याच बैलायनं नाई टेकला त काटा नाई, खुरी आली समजाचं."

खुरी म्हणजे लाळ्या-खुरकूत, साऱ्या गोठ्यात पसरणारा रोग. मी खडू खाली ठेवला. अभियांत्रिकीच्या पुस्तकात या विषयावर पानंच्या पानं असतात, आणि त्यांचं सार हे एवढंच आहे. एक मापक चुकला तर मापक तपासा. सहाही एकाच क्षणी, एकाच तऱ्हेनं चुकले तर मापकांबाहेर काहीतरी घडलं आहे. लॉजिकनं सहा वेळा काटा शोधला. खुरीची शक्यता त्याला शिकवलीच नव्हती.

अध्यक्षाच्या खुर्चीतला माणूस

आता मागे जाऊ. श्रीधर पणिकर सोमनाथ यांचा जन्म १९६३ चा, केरळातल्या अलप्पुझा जिल्ह्यातला. वडील हिंदीचे शिक्षक. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी कोल्लमच्या टीकेएम कॉलेजातून. हे मी वर्गात मुद्दाम दोनदा सांगतो, कारण आयआयटीच्या खाली सगळा अंधार आहे असं आमच्याकडे पोरांच्या मनात कुणीतरी भरवून ठेवलेलं असतं. १९८५ मध्ये ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात रुजू झाले. एरोस्पेसमधली पदव्युत्तर पदवी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेची. विषय रचना, गतिकी आणि नियंत्रण.

पदांची यादी पटकन सांगून टाकतो. २०१० पासून जीएसएलव्ही मार्क ३ या रॉकेटचे प्रकल्प संचालक, मग द्रव प्रणोदन केंद्राचे संचालक, जानेवारी २०१८ पासून विक्रम साराभाई केंद्राचे संचालक, जानेवारी २०२२ ते जानेवारी २०२५ इस्रोचे अध्यक्ष. भिंतीवरच्या फोटोखाली एवढंच येतं.

मला यादीपेक्षा त्यांच्या सुरुवातीच्या कामात रस आहे. ते पीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटच्या जोडणीच्या कामात होते. रॉकेटची रचना, तिची कंपनं, टप्पे जोडणाऱ्या आणि सोडणाऱ्या यंत्रणा, त्यातली स्फोटकं, हा त्यांचा प्रांत. गावच्या भाषेत सांगायचं तर सुतारकामात सगळ्यात अवघड असतो तो सांधा, आणि हा माणूस सांध्यांचा कारागीर.

पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ चं. तेही फसलं होतं. दुसरा टप्पा सुटताना गडबड झाली, रॉकेट डळमळलं, आणि नेमकी त्याच वेळी नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधली एक चूक उघडी पडली. पुढचं उड्डाण १५ ऑक्टोबर १९९४ ला यशस्वी झालं. तारखा बाजूला ठेवून १९९३ आणि २०२२ शेजारी शेजारी मांडले, तर दोन्हीकडे दुसऱ्या टप्प्याचा सांधा आणि त्या हादऱ्यात गोंधळलेलं सॉफ्टवेअर. पहिल्या वेळी सोमनाथ तिशीतले अभियंते होते. दुसऱ्या वेळी माईकवर येऊन सांगणारे तेच होते.

आणखी एक. त्यांनी पीएचडी पूर्ण केली ती २०२४ मध्ये, आयआयटी मद्रासमधून, इस्रोचे अध्यक्ष असताना. विषय: कंपन आणि ध्वनी यांना अवकाशयानातल्या रचना कसा प्रतिसाद देतात. ज्या माणसाच्या डोक्यात हा विषय इतकी वर्षं घोळत होता, त्याच्याच कारकिर्दीत रॉकेट कंपनानं फसावं. याला कोणी दैव म्हणेल. मी म्हणेन, की कंपन ही इतकी अवघड गोष्ट आहे.

नेत्यापुढचे रस्ते

वर्गाला मी प्रश्न दिला: तुम्ही अध्यक्ष आहात, ७ ऑगस्टची संध्याकाळ आहे, काय कराल? उत्तरं लिहून घेतली. बहुतेकांनी लिहिलं, "ज्याची चूक त्याला काढून टाकू." डीपी जळली की वायरमनला शिव्या देणाऱ्या गावात दुसरं काय येणार? दोघांनी लिहिलं, लगेच दुसरं रॉकेट सोडू, नाहीतर लोक हसतील. एकानं लिहिलं, चार वर्षं थांबू. तो हुशार आहे आणि आळशीही.

इथे एक गोष्ट मला वर्गात सांगावी लागली, आणि ती सांगताना जरा जड गेलं. एसएसएलव्ही विकसित झालं विक्रम साराभाई केंद्रात, आणि २०१८ पासून चार वर्षं त्या केंद्राचे संचालक सोमनाथच होते. म्हणजे ७ ऑगस्टला जे चुकलं, त्यातला काही भाग त्यांच्याच घरचा होता. अशा वेळी प्रमुखाला सोपं असतं, की एखाद्या पुरवठादाराच्या सुट्या भागावर बोट ठेवावं. "सेन्सर बिघडला" हे वाक्य त्यासाठी तयारच होतं. ते वापरलं गेलं नाही. लॉजिक चुकलं म्हणणं म्हणजे आमचा विचार चुकला म्हणणं. पुढे जी कारणमीमांसा प्रसिद्ध झाली, तीत यंत्रणांची नावं होती, माणसांची नव्हती.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला प्रत्येक शाळेत एक गोष्ट सांगितली जाते. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ हे रॉकेट फसलं, तेव्हा पत्रकारांना इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन सामोरे गेले. १८ जुलै १९८० ला यश आलं, तेव्हा त्यांनी प्रकल्पाचे संचालक कलाम यांना पुढे केलं. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण ती इतकी वेळा सांगितली जाते, की पोरांना वाटतं, अपयशानंतर प्रमुखाचं काम म्हणजे पत्रकार परिषद. मधल्या अकरा महिन्यांत काय दुरुस्त झालं हे कोणी सांगत नाही.

एसएसएलव्हीच्या सहा महिन्यांत काय दुरुस्त झालं, ते सांगता येतं. पहिलं, लॉजिक: मापकाला बिघडलेला ठरवण्याआधी त्याच्याकडे जास्त वेळ पाहायचं. दुसरं, दुसऱ्या टप्प्याची सुटण्याची यंत्रणाच बदलली. कमी हादरा देणारी, तिसऱ्या टप्प्याला वापरतात तशी बसवली. तिसरं, उपकरणांची बैठक कंपन सोसेल अशी केली.

यावर शिक्षकांच्या खोलीत माझा आणि गणिताच्या सरांचा वाद झाला. त्यांचं म्हणणं, फक्त लॉजिक बदलायचं. सॉफ्टवेअर आहे, खर्च कमी, वजन तेच. एकदम तीन गोष्टी बदलल्या, तर पुढच्या वेळी यश कशामुळे आलं हे कसं कळणार? मुद्दा बिनतोड आहे, आणि प्रयोगशाळेत मी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण गोठ्यात खुरी आली आहे हे कळल्यावर औषधही देतात आणि गोठाही धुतात. नवं लॉजिक हादऱ्याला फसणार नाही, पण हादरा तर तसाच राहील. आज त्यानं मापक गोंधळले, उद्या दुसरं काही गोंधळेल. सांध्यांत आयुष्य घालवलेला माणूस सांधा तसाच ठेवून पुढे जाईल हे मला पटत नाही. गणिताच्या सरांना माझं हे अजून पटलेलं नाही.

१० फेब्रुवारी २०२३, पुन्हा सकाळी ९ वाजून १८ मिनिटं. या वेळी शुक्रवार होता, शाळा होती, आणि आम्ही संगणक कक्षात सगळे. एसएसएलव्हीच्या दुसऱ्या उड्डाणानं पंधरा मिनिटांत तीन उपग्रह ४५० किलोमीटरच्या कक्षेत नेऊन ठेवले. त्यात ८.७ किलोचा आझादीसॅट-२ होता. दुसरा टप्पा सुटल्याचं पडद्यावर आलं, तेव्हा आमच्या खोलीत कोणी टाळी वाजवली नाही. सगळे थांबून होते. उपग्रह सुटल्यावर मग बाकं वाजली.

त्याच वर्षी १४ जुलैला चांद्रयान-३ उडालं, मार्क ३ वरून, म्हणजे ज्या रॉकेटचे सोमनाथ प्रकल्प संचालक होते त्यावरून. चांद्रयान-२ चं लँडर २०१९ मध्ये आदळलं होतं. त्यामुळे या वेळी काय काय बरोबर होईल याऐवजी काय काय चुकू शकेल, यावरून आराखडा केला, असं त्यांनी उड्डाणाआधी सांगितलं होतं. इंजिन बंद पडलं तर, सेन्सर चुकला तर, हिशेब चुकला तर. २३ ऑगस्टच्या संध्याकाळी गावात काय झालं, ते प्रत्येकाच्या गावात झालं. सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

लाडबोरीचा प्रश्न

कड्यापासून सुरू झालेला प्रश्न मात्र तसाच राहिला होता: याले कोणी जाब विचारते का? जुलै २०२३ मध्ये तो आमच्यावरच उलटला. पश्चिम ऑस्ट्रेलियात जुरियन बे जवळच्या किनाऱ्यावर एक भलं मोठं धातूचं पिंप सापडलं. तिथल्या अंतराळ संस्थेनं महिनाअखेर सांगितलं, की हा बहुधा पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा आहे. म्हणजे आपला. सोमनाथ अध्यक्ष असतानाचा हा निष्कर्ष, आणि पीएसएलव्ही म्हणजे तर त्यांच्या उमेदीतलं रॉकेट.

मुली तेव्हा दहावीत गेल्या होत्या. मी बातमी वाचून दाखवली, तर वर्ग हसायलाच लागला. लाडबोरीची एक हसली नाही.

यावर पुढे काय झालं, तेही या प्रकरणात नोंदवायला हवं. १ जानेवारी २०२४ ला एक्सपोसॅट हा उपग्रह सोडल्यावर पीएसएलव्हीचा चौथा टप्पा ६५० किलोमीटरवर न सोडता ३५० किलोमीटरपर्यंत खाली आणला गेला. त्यावर काही प्रयोग झाले, आणि २१ मार्चला तो वातावरणात शिरून संपला. वर कचरा उरला नाही. एप्रिलमध्ये बंगळुरूला अवकाशातल्या कचऱ्यावरची आंतरराष्ट्रीय बैठक होती. तिथे सोमनाथांनी जाहीर केलं, की २०३० पर्यंत भारतीय मोहिमा, सरकारी आणि खासगीही, कचरा मागे न ठेवणाऱ्या असतील. हे ध्येय आहे. पाळलं जाईल का, ते त्यांच्यानंतर आलेल्यांच्या हातात आहे.

पण जुलैच्या त्या तासाला यातलं काही घडलेलं नव्हतं. माझ्याकडे फक्त बातमी होती, आणि लाडबोरीच्या पोरीनं हात वर केलेला होता.

"सर, तिथं बी पोलीस आले का?"

आले होते. पिंप तिथून हलवेपर्यंत त्यांनी किनाऱ्यावर पहारा ठेवला होता. मी तसं सांगितलं.

"मग बरोबर हाये," ती म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहू लागली.